आधी प्रतिपालक, मग दत्तक पालक

आम्ही दोघे अंबाजोगाई तालुक्यात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि यजमानांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. लग्नानंतरची बरीच वर्षे दवाखान्यांत गेली, त्याविषयी येथे लिहिण्यासारखे काही नाही. आज आमच्या घरात आमची मुलगी आहे आणि ती दत्तक आहे. तिच्या आधी एक मुलगा वर्षाहून थोडा अधिक काळ आमच्याकडे प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे बोलीभाषेत ज्याला फॉस्टर केअर म्हणतात त्या व्यवस्थेत राहिला आणि नंतर आपल्या आईकडे परत गेला. गावातले, भावकीतले आणि शाळेतलेही लोक या दोन्ही गोष्टींना सरसकट ‘दत्तक’ म्हणतात. पहिला मुलगा परत गेला तेव्हा ‘दत्तक घेतलेलं लेकरू परत कसं केलं?’ असा प्रश्न आम्हाला तोंडावर विचारला गेला आणि पाठीमागे तर त्याहून वाईट बोलले गेले. दोन्ही वाटांनी आम्ही गेलो असल्यामुळे त्यांच्यात फरक कुठे आणि किती आहे, हे सविस्तर लिहावेसे वाटले. दोन्ही मुलांची नावे मी लिहिणार नाही, कारण काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी ती लिहिली नसती.

२०२२ च्या अखेरीस आम्ही बीडला जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलो, ते दत्तकाची चौकशी करण्यासाठी. संस्थाबाह्य सेवांचे काम पाहणाऱ्या संरक्षण अधिकारी मॅडमनी दत्तकाची पद्धत समजावून सांगितली, लहान बाळासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते हेही सांगितले, आणि मग प्रतिपालकत्वाविषयी विचारले. जिल्ह्यात सहा वर्षांवरची काही मुले बालगृहात होती. त्यांचे आईवडील किंवा त्यांपैकी एक जण हयात होते, पण आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने त्यांना मुलांना सांभाळता येत नव्हते. अशा मुलाला बालगृहाऐवजी एखाद्या कुटुंबात ठेवता यावे, यासाठी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात कलम ४४ ची तरतूद आहे. हे सांगून झाल्यावर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि स्पष्टच म्हणाल्या, “दत्तकाचा नंबर लागेपर्यंत घरात एक लेकरू असावं, असं मनात असेल तर नका नेऊ. ते लेकरू माघारी जावं म्हणून आम्ही खटपट करणार आहोत, आणि तुम्हालाही त्यात आमच्या बाजूनं उभं राहावं लागेल.”

आम्ही घरी येऊन बरेच दिवस यावर बोलत होतो. यजमानांचे म्हणणे होते की, जे जाणार हे ठाऊक आहे ते आणायचेच कशाला. सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या लहानपणी दुष्काळात त्यांची भावंडे मामाकडे, आत्याकडे वाटली गेली होती आणि पाऊसपाणी झाल्यावर परत आली होती, त्यामुळे त्यांना यात नवल वाटले नाही. आमच्या भागात आजही ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुलांना आजीआजोबांपाशी ठेवून सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दुसऱ्याचे मूल काही काळ सांभाळणे ही रीत आमच्याकडे जुनीच आहे, फक्त येथे नातेवाईकाच्या जागी परका माणूस असतो आणि तोंडच्या शब्दाऐवजी अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीचा लेखी आदेश असतो. दत्तकाची नोंदणी बाजूला ठेवून आम्ही प्रतिपालकत्वाचा अर्ज केला.

त्यानंतरची गृहभेट माझ्या चांगली लक्षात आहे. आलेल्या सामाजिक कार्यकर्तीने उत्पन्नाचे दाखले, आधार कार्डे, वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला पाहिला, हे अपेक्षितच होते. त्यानंतर मात्र ती घरभर हिंडली. हौदाला झाकण आहे का, दुकानातली कीटकनाशके घरात ठेवता का, मुलगा कुठे झोपेल, उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे सगळे तिने विचारून वहीत लिहून घेतले. कीटकनाशकांचा प्रश्न तिने दोनदा विचारला. आमच्या जिल्ह्यात तो दोनदा का विचारावा लागतो, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. शेवटी तिने आम्हाला बाहेर बसवले आणि सासूबाईंशी ओसरीवर एकटीने बोलली. ‘लेकराला लळा लागला आणि मग त्याला न्यायला आले तर काय कराल?’ असे तिने विचारल्याचे सासूबाईंनी नंतर सांगितले. ‘रडीन, दुसरं काय करीन’ असे त्यांनी उत्तर दिले होते. अहवाल अनुकूल गेला.

मुलगा आला तेव्हा तिसरीत होता. कर्जापायी वडिलांनी जीव दिला होता, आई दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळली होती आणि आजीच्या हातून होत नव्हते. समितीच्या आदेशात त्याला आमच्याकडे किती काळासाठी देण्यात येत आहे, आमची कर्तव्ये कोणती, त्याच्या घरच्यांची भेट कशी व्हावी आणि ठरावीक काळाने आढावा कसा घेतला जाईल, हे सारे लिहिलेले होते. त्या आदेशाने त्याला जेवू घालण्याचा, शाळेत पाठवण्याचा, आजारपणात सांभाळण्याचा अधिकार आणि जबाबदारी आमच्याकडे आली. त्याचे आईवडील होण्याचा अधिकार मात्र आला नाही. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर त्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जात, जन्मगाव, सगळे होते तसेच राहिले. माझ्याच शाळेत त्याला घातले असल्यामुळे तो शाळेत मला ‘बाई’ म्हणत असे आणि घरी ‘मावशी’. पहिल्या आठवड्यात त्याने मला आई म्हणावे का, असे शेजारच्या एका बाईंनी त्याच्यासमोरच विचारले होते. तो म्हणाला, “माझी आई हाय की.” आम्हालाही तेच बरे वाटले.

कागदातला हा फरक प्रत्यक्षात कसा जाणवतो, ते दोन प्रसंगी कळले. चिंचेवरून पडून त्याचा हात मोडला आणि प्लेट बसवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. संमतिपत्रावर सही कोणाची, हा प्रश्न लगेच उभा राहिला. आम्ही समितीचा आदेश दाखवला, बाल संरक्षण कक्षाला फोन केला, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्याच्या आईला गावाहून गाडी करून आणले. ती पदराने तोंड पुसत आली, अक्षर अक्षर लावत सही केली आणि रात्रभर त्याच्या उशाशी बसली. मी बाहेरच्या बाकावर होते. रागावण्यासारखे त्यात काहीच नव्हते, पण मोडलेला हात हातात धरून मी त्याला रिक्षातून आणले होते, आणि त्या बाकावर बसणे सोपे गेले नाही, एवढे लिहून ठेवते.

दुसरा प्रसंग जमिनीचा. वडिलांच्या नावावर थोडी कोरडवाहू जमीन होती आणि सातबाऱ्यावर अजून वारसांची नोंद झालेली नव्हती. चुलत्यांचे डोळे तिच्यावर असावेत, असे आजीच्या बोलण्यावरून वाटत होते. यजमानांनी आजीला बरोबर घेऊन तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज दिला, मृत्यू दाखला जोडला, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा केला, आणि सातबाऱ्यावर मुलाच्या आईचे, आजीचे आणि अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हणून मुलाचे नाव लागले. प्रतिपालकत्वात मुलाचा वारसाहक्क त्याच्या जन्मघराशीच राहतो. आमच्या घरातून त्याला काही मिळणार नव्हते, आणि त्याच्या घरचे त्याला मिळावे, यासाठी मात्र आम्ही धडपडावे, हे या नात्यात बसत होते. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांना हे अजिबात पटले नाही. ‘परक्याच्या शेताचे फेरफार करीत हिंडता, स्वतःच्या शेताला वारस कोण?’ असे त्यांनी यजमानांना पारावर सुनावले.

पैशाविषयी थोडे लिहायला हवे, कारण त्यावरून गैरसमज फार आहेत. मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वाखालील मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ती मुलाच्या संगोपनासाठी असते, पालकांच्या मोबदल्यासाठी नसते, आणि तेवढ्यावर वाढत्या मुलाचा खर्च भागतो असेही नाही. दत्तकात असे कोणतेही मासिक साहाय्य नसते. उलट संस्थेला ठरवून दिलेले शुल्क पालकच भरतात, कारण आदेश झाल्यावर ते मूल सर्वार्थाने त्यांचे असते. याशिवाय महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे, जी आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात एकल पालकाच्या किंवा नातेवाइकांच्या घरी राहणाऱ्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. मुलाची आई बरी होऊन शाळेत पोषण आहार शिजवण्याच्या कामाला लागली, आणि बाल संरक्षण कक्षाने तिचा बालसंगोपनाचा प्रस्ताव मंजूर करून घेतला, तेव्हा त्याच्या परतीची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. हे पैसे तिच्या आजारपणाच्या सुरुवातीलाच तिच्या खात्यात पडत असते, तर मुलगा बालगृहात आणि नंतर आमच्याकडे येण्याची गरजच पडली नसती, असे मला आजही वाटते. प्रतिपालकत्वाची शिफारस करणाऱ्यांनी आधी घरोघरी बालसंगोपनाचा अर्ज भरला आहे का ते पाहावे.

वार्षिक परीक्षा झाल्यावर, २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर, बाल कल्याण समितीपुढे सुनावणी झाली. समितीच्या सदस्यांनी मुलाला आत एकट्याला बोलावून विचारले, मग आईला, मग आम्हाला. आमचे मत विचारले गेले, पण ते निर्णायक नव्हते आणि नसावेच. त्याला घरी जायचे होते. आदेश झाला, दप्तर, कपडे, सायकल आणि दवाखान्याची फाइल त्याच्या आईच्या हाती दिली, आणि एका कागदावर आम्ही दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. त्या उन्हाळ्यात घर ओस वाटले. सासूबाई बोलल्याप्रमाणे रडल्या आणि नंतर दोन दिवसांनी त्याच्या आजीला फोन करून ‘पोट भरून जेवतो का’ म्हणून विचारू लागल्या.

त्यानंतर आम्ही दत्तकासाठी नोंदणी केली. ती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावरच करावी लागते, एखाद्या संस्थेत जाऊन मूल पसंत करण्याचा काळ केव्हाच मागे पडला आहे, तरी लोकांच्या डोक्यातून तो गेलेला नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे पती-पत्नीच्या वयांची बेरीज पाहून त्यांना किती वयाचे मूल मिळू शकते, हे ठरते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही बेरीज ८५ च्या आत लागते, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११०. आमची बेरीज ८५ च्या पुढे गेली होती, त्यामुळे तान्हे बाळ आमच्या वाट्याला येणार नव्हते. आम्ही चार ते सहा वर्षे हा गट निवडला, आणि त्यामागे त्या मुलाबरोबर काढलेला काळ होता. बोलते, हट्टी, मागचे सगळे आठवणारे मूल घरात कसे रुजते, हे आम्ही पाहिले होते.

नातेवाइकांकडून याच काळात सल्ले येऊ लागले. यजमानांच्या मावसभावाला तीन मुली होत्या आणि ‘धाकटी तुमच्या ओटीत घालतो, शंभराच्या बाँडवर लिहून घेऊ’ असे त्यांनी सुचवले. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ खाली कुटुंबांतर्गत दत्तक घेता येते आणि योग्य रीतीने दिले-घेतले असेल, नोंदणीकृत दत्तकपत्र असेल, तर ते कायदेशीर ठरते. नुसता नोटरीचा कागद मात्र पुढे टिकत नाही. पण ज्या मुलीला आईवडील आहेत, बहिणी आहेत आणि घरात खायला आहे, तिला केवळ आमच्यासाठी तिच्या घरातून उचलावे, हे आम्हा दोघांनाही पटले नाही. दुसरा सल्ला तर धोक्याचा होता. ओळखीच्या एका इसमाने ‘अमक्या दवाखान्यात कुमारी मातेचं बाळ आहे, परस्पर मिळवून देतो’ असा निरोप पाठवला. अनाथ, सोडून दिलेले किंवा सुपूर्द केलेले मूल ठरलेल्या प्रक्रियेबाहेर घेणे-देणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि मुलाची खरेदी-विक्री झाली तर शिक्षा याहून कडक आहे. मुलाला सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस दिलेले असतात, आणि अशा परस्पर व्यवहारात सर्वांत आधी तेच तिच्याकडून हिरावले जातात.

दत्तकाच्या वेळची गृहभेट पहिल्यापेक्षा वेगळी होती. हौद आणि कीटकनाशके याही वेळी पाहिली गेली, पण बहुतेक वेळ बोलण्यात गेला. मूल न होण्याचे दुःख कितपत शमले आहे, तू दत्तक आहेस हे मुलीला कसे सांगाल, पुढे तुमच्यामागे तिचे कोण, शेतीत आणि दुकानात तिचा हिस्सा भावकी मान्य करील का, असे प्रश्न होते. आधीच्या मुलाविषयीही भेटीला आलेल्या कार्यकर्तीने बरेच विचारले. तो परत गेल्याचे आम्ही सहन केले, याची नोंद आमच्या बाजूने धरली गेली असावी.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात मोबाइलवर संदेश आला. संकेतस्थळावर मुलीचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल होता, आणि तिला राखून ठेवायचे की नाही, हे ४८ तासांत कळवायचे होते. पेरणीचे दिवस असल्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. यजमानांनी युरियाच्या पोत्यांवर बसून तो अहवाल वाचला आणि गिऱ्हाइकांना सोडून घरी आले. आम्ही आमच्या बालरोगतज्ज्ञांना वैद्यकीय अहवाल दाखवला, होकार कळवला, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्या विशेष दत्तक संस्थेत जाऊन तिला भेटलो. तेथे दत्तक समितीने कागदपत्रे तपासली, आम्ही अहवालांवर सह्या केल्या. आदेश होईपर्यंत ती दत्तकपूर्व संगोपनाखाली आमच्या घरी आली, म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे कायद्याने तीही आमच्याकडे सोपवलेलीच होती.

आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी दिला. बाल न्याय अधिनियमातील २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि तेव्हापासून हे काम न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. संस्थेने अर्ज केला, बाल संरक्षण कक्षाने कागदपत्रे पडताळली, आणि बंद दालनात आम्हाला मोजके प्रश्न विचारले गेले. मुलगी टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती. ‘हे कोण?’ असे तिला विचारल्यावर तिने आमच्याकडे न पाहताच ‘आई आणि बाबा’ असे सांगितले आणि पुन्हा पेपरवेट फिरवू लागली. कलम ६३ प्रमाणे त्या आदेशाच्या तारखेपासून ती सर्व बाबतींत आमची मुलगी झाली, वारसाहक्कासह, आणि जन्मदात्या कुटुंबाशी तिचे कायदेशीर संबंध संपले. नंतर मिळालेल्या जन्म दाखल्यावर आईवडील म्हणून आमची नावे आहेत. तिला परत घेण्याची सुनावणी कधी होणार नाही, तिच्या शस्त्रक्रियेसाठी कोणाला गावाहून आणावे लागणार नाही, आणि उद्या आमचे तिच्याशी पटले नाही तरी आम्ही तिचे आईवडीलच राहणार आहोत.

तरी तिचा भूतकाळ आदेशाने पुसला गेलेला नाही. संस्थेतल्या ताईंची ती आठवण काढते, तिथली अंगाई म्हणते, आणि मधूनच ‘मी तिथं का होते?’ असे विचारते. वयाला झेपेल तेवढे आम्ही खरे सांगतो. अठरा वर्षांची झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी ती स्वतः अर्ज करू शकते, अशी नियमावलीत सोय आहे, आणि तसे तिला वाटले तर संस्थेची कागदपत्रे आम्ही जपून ठेवली आहेत. मुलाच्या बाबतीत असा प्रश्नच नव्हता. त्याची आई दर महिन्याला समोर होती, त्याचे गाव त्याला ठाऊक होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. केंद्र शासनाच्या २०२४ च्या आदर्श प्रतिपालकत्व मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षे प्रतिपालकत्वात राहिलेले मूल त्याच कुटुंबाला दत्तक घेता येऊ शकते. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्तींनाही आता प्रतिपालक होता येते. हे ऐकून एका परिचित जोडप्याने ‘म्हणजे रांग टळली’ असा अर्थ काढला. तो अर्थ चुकीचा आहे, कारण त्यासाठी ते मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असावे लागते. आमच्याकडे आलेल्या मुलाची आई हयात होती, त्याला घरी नेण्याची तिची इच्छा होती. तो दहा वर्षे आमच्याकडे राहिला असता, तरी तिचाच राहिला असता. ज्यांना आपले म्हणून मूल हवे आहे, त्यांनी सरळ दत्तकाचीच नोंदणी करावी आणि थांबावे. मूल जाणार आहे हे धरूनही त्याच्यासाठी फेरफाराचा अर्ज करता येईल, असे ज्यांना वाटते, त्यांनी प्रतिपालकत्वाचा विचार करावा. या दुसऱ्या प्रकारच्या घरांची आमच्या जिल्ह्यात अधिक गरज आहे, आणि ती कमी आहेत.

दत्तकानंतरही कार्यालयाचे लक्ष लगेच सुटत नाही. दोन वर्षेपर्यंत दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल होतो, आणि आमचा पहिला नुकताच झाला. मुलगी आता पहिलीत आहे, पाढ्यांना कंटाळते आणि सासूबाईंच्या पानाच्या डब्यातली बडीशेप चोरते, हे सगळे त्या अहवालात गेले. त्याच भेटीत संरक्षण अधिकारी मॅडमनी प्रतिपालक म्हणून आमचे नाव पुन्हा घालायचे का, असे विचारले. यजमान लगेच हो म्हणाले असते, पण आम्ही पाठपुराव्याची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबायचे ठरवले आहे. घरात आलेले एक मूल काही महिन्यांनी परत जाते, हे पाहून आपणही जाणार, असे तिला वाटू नये, एवढी तिची आमच्याशी आधी गाठ बसायला हवी.